भिंतीबाहेर

मार्सियान पाद्री बारा वर्षं एकच ग्रंथ लिहीत होता. आदामापासून आजवर जे जे घडलं, पूर आले, युद्धं झाली, राज्यं बुडाली, ते सगळं देवाच्या एकाच हेतूकडे चाललंय, असं त्याचं म्हणणं. रोम लुटलं गेलं तेव्हा समुद्र ओलांडून पळून आलेल्यांना त्याने हेच सांगून सावरलं होतं.

आता वांडाल टोळ्या आफ्रिकेतल्या त्याच्याच गावावर चालून येत होत्या. आसपासच्या खेड्यांतली माणसं पोराबाळांसकट वेशीशी गोळा झाली. पण आत जेमतेम महिन्याभराचं धान्य होतं, म्हणून नगरप्रमुख फेलिक्सने दरवाजा लावून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाद्र्याकडे आला. "बाबा, तटावर चला. यातही देवाचा हेतू आहे, हे तुमच्या तोंडून ऐकलं की बाहेरचे गप बसतील. त्यांचं रडणं ऐकून माझ्या शिपायांचे हातपाय गळालेत."

मार्सियानचा स्वयंपाक करणारी मोन्नुला मागोमाग तट चढली. तिची लेक दोनाता बाहेर होती. पोटुशी, सातवा महिना.

खाली शेकडो चेहरे वर वळले. मार्सियानने तोंड उघडलं. नजर गर्दीतल्या दोनातावर अडली.

"बोला की," मोन्नुला म्हणाली. "रोमवाल्यांना सांगितलंत तेच सांगा. तेव्हा बरी जीभ चालली."

"तेव्हा आपण त्यांना आत घेतलं होतं, मोन्नुला."

तो फेलिक्सकडे वळला. "दरवाजा उघड."

"नाही जमायचं, बाबा. सगळेच मरू."

"मग मला खाली सोड."

फेलिक्सने खूप विनवलं. शेवटी दोराने टोपली सोडावी लागली. मोन्नुलाने पाद्र्याच्या हातात जवाची अर्धी भाकरी कोंबली. "दोनाताला द्या."

खाली दोनाताने भाकरी घेतली, तुकडा मोडून शेजारच्या म्हातारीला दिला.

"बाबा, हे आमच्याच वाट्याला का?"

"ठाऊक नाही, पोरी. हेतू असेल. मला दिसत नाही."

दुपारी ऑलिव्हच्या बागांपलीकडे घोड्यांची धूळ उठली. मार्सियान दरवाजावर मुठी आपटू लागला. आधी फेलिक्सच्या नावाने ओरडला, मग देवाच्या. आतल्या बाजूने मोन्नुलाही आपटत होती.

दरवाजा उघडला नाही.