पपनसाच्या काट्याची काठी

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्ही म्हणाल, हा बांबूचा तुकडा कुणी कशाला जपून ठेवला? लांबी वीतभर, रंग धुराने काळवंडलेला, एका टोकाला आरपार भोक. त्या भोकात पपनसाचा काटा आडवा बसवला की मी पुरी होते. मग दुसऱ्या काठीने माझ्यावर टकटक ठोकायचं, आणि काटा काजळी घेऊन कातडीत उतरतो. मी गोंदणाची काठी आहे. जुनी आहे, थोडी गर्विष्ठही आहे, आणि हल्ली सुरतेला बमरोलीत एका तिसऱ्या मजल्यावर राहते.

माझा जन्म फार लांबचा. समुद्रापलीकडे फिलिपीन्स नावाचा बेटांचा देश आहे. त्याच्या उत्तरेला उंच डोंगर आहेत आणि त्या डोंगरांत कलिंग लोक राहतात. इतिहासाच्या पुस्तकातल्या कलिंगाशी त्यांचा काही संबंध नाही. हे आधीच सांगते, कारण बमरोलीत पहिल्याच दिवशी मला तो प्रश्न विचारला गेला होता. कलिंगांच्या मुलखात भाताची खाचरं डोंगरावर पायरीपायरीने चढत जातात, आणि सकाळी ढग त्या पाण्यात येऊन बसतात. आपण वर आहोत की ढग, हे तिथे कधीच नीट कळत नाही. आजही डोळा लागल्यासारखं झालं की मी त्या पाण्याच्या काठावर असते.

मी घडले तेव्हा जुने दिवस सरत आले होते. त्या आधी तिथे गावागावांत वैर असायचं, आणि वैऱ्याचं डोकं कापून आणणारा माणूस शूर समजला जायचा. त्याच्या छातीवर गोंदण चढायचं. डुक्कर कापलं जायचं, घंटा वाजायच्या, नाच व्हायचा. माझ्या वाट्याला तसा एकच माणूस आला, दुसऱ्या महायुद्धातून परतलेला. त्याची छाती गोंदताना मला वाटलं होतं, याच्याइतका मान मला पुन्हा मिळणार नाही. बाकी माझं सारं आयुष्य बायांच्या हातांवर गेलं. मनगटापासून खांद्यापर्यंत नेच्याची पानं, गोम, सापाची खवलं, भाताचे दाणे. त्या बाया म्हणत, मणी तुटतात, लुगडी कुजतात, अंगावरचं गोंदण तेवढं मेल्यावरही सोबत येतं आणि पलीकडचे वाडवडील त्यावरून आपल्याला ओळखतात.

मग काळ पालटला. मुली शहरातल्या शाळांत गेल्या आणि गोंदलेले हात लांब बाह्यांत लपवू लागल्या. मला वापरणारी म्हातारी होती, तिला सगळे आपो म्हणत. आपो म्हणजे आजी. तिची नजर गेली तशी मी चुलीवरच्या फळीत धूर खात पडले. मला फार वाईट वाटायचं. माझ्याहून साधी कालथ्याची काठीसुद्धा रोज हातात असायची आणि मी मात्र नुसती वर.

अशात हर्षदा आली. सुरतेची पुष्कळ मुलं तिकडे डॉक्टरी शिकायला जातात, त्यांतलीच ही एक. सुट्टीत मैत्रिणींबरोबर डोंगर बघायला आली आणि आपोचा चिघळलेला पाय बघून तिथेच थांबली. बाकीच्या पुढे गेल्या, ही रोज पाय धुऊन पट्टी बांधत राहिली. पाय बरा झाल्यावर आपोने मला तिच्या हातात ठेवलं आणि बजावलं, "हे काम रक्ताच्या नात्यातच द्यायचं असतं. परक्या हाताने टोचलं तर जखम पिकते. तू टोचू नकोस, फक्त सांभाळ." हर्षदा हसली. पण तिने मला मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवलं ते अगदी जपून. माझी ठोकायची जोडीदारीण मात्र वाटेत कुठे हरवली ती हरवलीच.

बमरोलीत उतरले आणि मला नवल वाटलं. खाली कापड विणणाऱ्या मागांची खटखट दिवसभर चालू. मला वाटलं, या गावात सगळेच गोंदतात की काय! हर्षदाचे वडील गजेंद्र त्याच मागांवर सुपरवायझर होते. आई सुषमा. आणि गजेंद्रची आई उषाबाई, जिला हर्षदा मोठी माय म्हणायची. उषाबाई नवऱ्याबरोबर खानदेशातून सुरतेला आल्या त्याला जमाना झाला. नवरा वाल्मिक गेला तरी त्यांची भाषा गावचीच राहिली. हर्षदाने त्यांना माझी हकिगत सांगितली. शेजारच्या डोंगरांत मेलेल्यांच्या पेट्या कड्याला टांगतात, कुठे हाडं धुऊन विणलेल्या चादरीत बांधून घरातच ठेवतात, हेही सांगितलं. उषाबाईंनी ते मान डोलावत ऐकलं. घरचं माणूस घरात, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. पण डोकी कापायची गोष्ट आली तशी त्यांचा सुपारीचा हात थांबला.

"आनि ज्यानं डोकं कापी आनं, त्यानी माय?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं मी त्या छातीच्या गोंदणाचा तोरा मिरवला, पण ज्याचं डोकं गेलं त्याची आई दुसऱ्या गावात वाट बघत बसली असेल हे मनातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी उषाबाईंना मानू लागले.

माझा मान मात्र थोडेच दिवस टिकला. शोकेसमध्ये ठेवलेली मी लवकरच बाहेर आले. गजेंद्रने माझ्याने पाठ खाजवली, त्यात काटा तुटला. नंतर सुषमाच्या लक्षात आलं की माझ्या टोकाला छान भोक आहे. तेव्हापासून घरातल्या सगळ्या परकरांचे नाडे माझ्याने ओवले जाऊ लागले. मित्रांनो, जिने शूराच्या छातीवर काम केलं, तिने परकराच्या नेफ्यातून सरपटायचं! रडायला मला डोळे नव्हते म्हणून, नाहीतर नाडे भिजले असते.

मग सुरतेजवळच्या चलथाणला उषाबाईंची धाकटी बहीण वारली. तिथून परतल्या त्या जेवल्या नाहीत. गॅलरीत बसून राहिल्या. हर्षदा जवळ जाऊन बसली तेव्हा म्हणाल्या, "तिले आंघोळ घालताना सगळं काढी लिधं. नथ, पाटल्या, चांदीनं कडं. हातवरलं गोंदन तेवढं ऱ्हायनं."

मग त्यांनी स्वतःचं मनगट पुढे केलं. तिथे एकच हिरवा ठिपका होता. उषाबाई अगदी लहान असताना त्यांची आई गेली. चेहरा आठवत नव्हता, आठवत होता तो उशाला घेतलेला हात आणि त्यावरची गोंदलेली तुळस. पुढे सुरतेत चाळीत गोंदणारी आली तेव्हा उषाबाई तुळस गोंदून घ्यायला बसल्या. पहिलाच ठिपका पडला, रक्त दिसलं आणि मांडीजवळचा छोटा गजेंद्र भोकाड पसरून रडायला लागला. त्याला घेऊन त्या उठल्या. गोंदणारी पुन्हा त्या गल्लीत आली नाही आणि संसारात ते राहूनच गेलं.

"एक ठिपकावरथीन मन्ही माय माले कशी वळखी?" त्या म्हणाल्या. "तू टोची दे."

हर्षदाचा चेहरा उतरला. "मोठी माय, तुझी शुगर किती असते बघ. वरून रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. रक्त थांबणार नाही, हात पिकेल. मी डॉक्टर आहे ना, मीच कसं करू?"

उषाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीत लिंबाचं रोप लावलं. त्याला लिंबू कधी धरलं नाही, काटे मात्र भरपूर आले. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी एक काटा तोडला, माझ्या भोकात बसवला आणि मला मनगटावर धरलं. मी आतून आक्रसून गेले, कारण त्यांच्या कातडीखाली शीर कुठे आहे ते मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात हर्षदा दवाखान्यातून आली आणि तिने मला हिसकावून घेतलं. ती रागावली आणि रागावता रागावताच रडायला लागली.

उषाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. जरा विचार करून म्हणाल्या, "मी मरी गऊ का मंग टोच. तव्हय कसानी साखर, कसानं रगत."

हर्षदाने मान वर केली. यावर डॉक्टरकीत काही उत्तर नव्हतं. तिने डोळे पुसले आणि हो म्हणाली.

त्यानंतर मला कुणी नाड्याला लावलं नाही. सुषमाने आपणहून मोठी सुई आणली आणि मला रेशमी कापडात गुंडाळून ठेवलं. उषाबाई अधूनमधून कापड सोडून मला बघायच्या, मागाच्या धाग्यावरून फिरवावा तसा माझ्यावरून हात फिरवायच्या. आम्ही दोघी मग आपापल्या डोंगरात नाहीतर शेतात फिरून यायचो, असं मला वाटायचं.

थंडीतल्या एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. अंघोळ झाली, कोरं लुगडं नेसवलं, अंगावरचं काढून घेतलं. खाली तिरडी बांधून तयार होती. तेव्हा हर्षदा मला घेऊन बाहेर आली. उशाशी लावलेल्या दिव्यावर तिने ताटली धरली, काजळी जमवली, पाण्यात कालवली. बादलीतल्या रोपाचा काटा बसवला. ठोकायला वाल्मिक आजोबांची, मागावर धागा गुंडाळायची जुनी लाकडी कांडी घेतली.

गजेंद्र दारात थबकला. "हर्षू, लोके काय म्हनतीन? मुडदाले टोचानं का?"

"पप्पा, मी तिला शब्द दिलाय."

तिने भाताच्या काडीने तुळशीची आकृती काढली; आपोच्या गावातही गोंदणाआधी काडीनेच आखतात. मला मनगटावर टेकवलं, पण तिची कांडी उचलेना. शेकडो माणसांना सुया टोचणारी मुलगी, आणि हात गोठला. मलाही धाकधूक होती. परक्या हाताने टोचू नये असा आमचा नियम. पण हा हात परका कुठे होता? ज्या रक्ताची ही बाई, त्याच रक्ताची ही मुलगी. माझी भीती तिथेच सरली.

जिन्यातून शेजारचे विठ्ठल काका हाक देत होते, उशीर होतोय, आणा आता. गजेंद्र वळला. मला वाटलं, हा आता मला उचलून फेकणार. त्याने जिन्यात वाकून सांगितलं, "जराशी थांबा रे भो. मन्ही मायनं नटनं बाकी शे."

मग तो आईशेजारी मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी तिच्या मनगटाची कातडी ताणून धरली. तसं धरणारं कुणीतरी लागतंच. हर्षदाने ठोकायला सुरुवात केली. टकटक, टकटक. खाली माग चालू होते, त्या आवाजात आमचा आवाज मिसळून गेला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कातडी थरारली नाही, रक्त आलं नाही. एकेक ठिपका शांतपणे बसत गेला. खोड, पानं, मंजिरी, खाली वृंदावन. इतकं नीट काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. तरी मला वाटत राहिलं, हा हात एकदा तरी मागे ओढला गेला असता तर किती बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या माणसांची एखादी गोष्ट अशीच अर्धी राहिलेली असेल. ती विचारून घ्या. लगेच पुरी करता आली तर करा, नसेल जमत तर निदान शब्द द्या. दिलेल्या शब्दावर माणूस किती निवांत झोपतं, ते मी रेशमी कापडातून पाहिलेलं आहे.

त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. तुळस पुरी झाली तशी शेजारच्या मंगलाबाई पुढे आल्या. त्या आणि उषाबाई एकाच वेळी या चाळीत आलेल्या. गोंदल्यावर लावतात तशी त्यांनी तेलात हळद कालवून ताज्या गोंदणावर बोटाने हलके हलके लावली, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "उषा, दोन दिन हात पानीमा घालू नको, बरं."

सुषमाने उठून त्या हाताखाली एक कोरडं फडकं घातलं.