अकरा घरांची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. उभी केली तर दुमजली घराच्या छपराला टेकते आणि आडवी ठेवली तर सगळ्यांच्या पायात येते. तुझा मालक कोण, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. मला मालक नाही. म्हणून लगेच हळहळू नका. मी पोरकी नाही, मला अकरा घरं आहेत.

माझा जन्म एका अर्जातून झाला. आमची गल्ली अरुंद, चढणीची. सगळ्यांच्या पाण्याची टाकी लाँड्रीवाल्याच्या छपरावर. एकदा तिचा नळ गळू लागला, म्हणून लोकांनी कचेरीत अर्ज दिला. कार्यवाही सुरू आहे, असं कचेरीने कळवलं. नळही सुरूच होता. दोन्हींपैकी आधी काय थांबतं, याची वाट पाहून लोक कंटाळले. शेवटी सुतारमामा म्हणाले, "दोन उभे वासे मी देतो. पायऱ्या तुम्ही आणा. घरटी एक."

मग काय विचारता! बेकरीवाल्याने भट्टीतल्या फावड्याचा जुना दांडा आणला. नर्सताईंनी पाळण्याची दांडी दिली. शिंपीणकाकूंनी मोडक्या शिलाई मशीनच्या टेबलाची पट्टी आणली. शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कनी खुर्चीचा पाय दिला. खुर्ची गेली होती, पण पाय त्यांनी सोडला नव्हता. सुतारमामांनीही आपली एक पायरी दिली, वाशांना अकरा घरांच्या अकरा खाचा पाडल्या आणि एकेक पायरी खाचेत बसवून दोरीने करकचून बांधली. खिळा एकही मारला नाही. का, तर ज्याची पायरी कुजेल त्याने ती स्वतः सोडावी आणि नवी बांधावी. आपापली पायरी ओळखून राहणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील तुम्ही. आमच्या गल्लीत ती खरोखरच ओळखता येत असे.

मी ओबडधोबड होते. दोन पायऱ्यांमधलं अंतर कुठेच सारखं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी नळ थांबला. कार्यवाही मात्र पुढे बरेच दिवस सुरू होती.

मला कुलूप नव्हतं, भाडं नव्हतं, अध्यक्ष नव्हता. नियम एकच होता. चढणारा एकटा चढणार नाही. खाली कुणीतरी धरायला हवं, आणि धरणारा घरचा चालणार नाही, शेजारचा हवा. हा नियम रंगाऱ्यामुळे झाला. तो भिंत रंगवायला वर चढला आणि खाली त्याची बायको मला धरून उभी राहिली. वर अडकलेला नवरा म्हणजे ऐकून घेणारा नवरा, हे तिच्या लक्षात आलं. तिने भावाच्या लग्नातल्या मानापमानापासून सुरुवात केली. तो इतक्या घाईने उतरला की शेवटच्या तीन पायऱ्या त्याने घेतल्याच नाहीत. तेव्हापासून शेजारी धरू लागले. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी त्यालाच हाक मारावी लागे. पाय अधांतरी असताना माणूस फार नम्रपणे बोलतो, मित्रांनो. गल्लीतली निम्मी भांडणं माझ्यावर चढताना नाहीतर उतरताना मिटली.

ते माझे सुखाचे दिवस होते. कौलं शाकारली, दिवे लागले, खिडक्या बसल्या. नर्सताईंच्या आजारी वडिलांना माडीवरून खाली आणायला मीच आडवी झाले होते. लोक म्हणत, "ही शिडी नसती तर काय केलं असतं?" मी लाजत असे. लाकडाचं लाजणं दिसत नाही, एवढंच.

पण हेडक्लार्कना चैन पडेना. तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. "ना नियमावली, ना जबाबदार व्यक्ती," ते म्हणत. "हे चाललंय तरी कसं?"

"चाललंय ना?" बेकरीवाला म्हणे.

"चाललंय हो. पण कुणाच्या परवानगीनं?"

त्यांनी अर्ज केले आणि एके दिवशी कचेरीची ॲल्युमिनियमची शिडी वाजतगाजत आली. तिला फीत बांधली होती. फीत कापायला साहेब आले, भाषण झालं, टाळ्या झाल्या. ती दिसायला देखणी होती, मी खोटं कशाला बोलू? चार पायांवर आपली आपण उभी राहायची. तिला धरायला कुणी लागत नसे.

इथेच सगळं बिघडलं. धरायला कुणी लागेना, म्हणून कुणी कुणाला हाक मारेना. हाक बंद झाली आणि माणसांना एकमेकांचे आवाज खुपायला लागले. शिंपीणकाकूंच्या मशीनचा खडखडाट भिंतीपलीकडच्या हेडक्लार्कना एकाएकी असह्य झाला. त्यांनी तक्रार केली, काकूंना नोटीस आली आणि दोघांचं बोलणं तुटलं.

मला बेकरीमागच्या भिंतीला आडवं टाकलं. एक दिवस बेकरीवाल्याला दांडा हवा होता, त्याने आपली पायरी सोडून नेली. ते पाहून नर्सताईंनी आपली नेली. मग रांगच लागली. पण लूट म्हणाल तर तसं नाही. प्रत्येकाने आपलीच पायरी नेली, दुसऱ्याच्या पायरीला बोट लावलं नाही. इतक्या प्रामाणिकपणे कुणाला मोडीत काढलेलं मी तरी ऐकलं नाही. माझ्याकडे दोनच पायऱ्या उरल्या, सुतारमामांची आणि शिंपीणकाकूंची. पुढे ती ॲल्युमिनियमची शिडीही कचेरीने तपासणीसाठी परत नेली. तपासणी अजून चालू आहे. कसून करत असावेत.

आणि मग एका सकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि शिंपीणकाकूंच्या माडीवरचे पत्रे उडून रस्त्यावर पडले.

त्या माडीवर काकूंच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे होते. वर्षाची सगळी कमाई त्या गठ्ठ्यांत. आभाळ काळं ठिक्कर पडलं होतं. संध्याकाळच्या आत कोसळणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. काकू सासूबाईंना खाली चला म्हणाल्या. "मी खाली येईन ती चौघांच्या खांद्यावरून," सासूबाई म्हणाल्या, "आणि तो बेत आज नाही."

काकू कचेरीत धावल्या. तिथे सांगितलं, सोमवारी पाहणी होईल.

"मग सोमवारपर्यंत थांब म्हणून आभाळालाही कळवा," असं म्हणून काकू परतल्या, त्या थेट माझ्याकडे.

मित्रांनो, त्यांनी माझं एक टोक खांद्यावर घेतलं आणि दुसरं दगडी रस्त्यावरून खरडत मला ओढत नेलं. तो आवाज ऐकून दारं उघडली.

"काकू, निघालीस कुठं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"छपरावर."

"दोन पायऱ्यांवरून?"

"माझ्याकडे दोनच आहेत," काकू म्हणाल्या. "बाकीच्या तुमच्याकडे आहेत."

बेकरीवाला आत गेला आणि पिठाने माखलेला दांडा घेऊन बाहेर आला. नर्सताई पाळण्याची दांडी घेऊन आल्या, तिला अजून ओले लंगोट लटकत होते. रंगारी आला, लाँड्रीवाला आला. म्हातारे सुतारमामा रस्त्यात खुर्ची टाकून बसले आणि ओरडू लागले, "अरे, गाठ मारतोयस की वेणी घालतोयस? आवळ!"

दहा पायऱ्या बसल्या. मधोमध एक खाच रिकामी राहिली, हेडक्लार्कची. त्यांनी आपल्या पायरीचा दाराला अडसर केला होता. म्हणजे पायरी द्यायची तर दार उघडं टाकावं लागणार.

"टांग टाकून जाते मी," काकू म्हणाल्या. "नका मागू त्यांच्याकडे."

तेवढ्यात अडसर सरकल्याचा आवाज आला. खुर्चीचा पाय हातात घेऊन हेडक्लार्क बाहेर आले. मागे दार वाऱ्याने आपटत होतं, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पायरी बसली. काकू चढायला पुढे झाल्या आणि सगळे थबकले. धरणारा शेजारचा हवा. शेजारी तेच होते.

"धरू?" त्यांनी विचारलं.

"मग काय नुसते बघत उभे राहणार?"

"नाही, म्हणजे... माझी ती तक्रार..."

"अहो, इथं पत्रे उडाले आणि तुम्हाला तक्रार आठवतेय! धरा आधी!"

त्यांनी धरलं. आजवर मला पुष्कळांनी धरलं आहे, पण असं कुणी नाही. त्या माणसाने तीस वर्षं फक्त पेन धरलं होतं, तरी हाताचे सांधे पांढरे होईस्तोवर त्यांनी वासे सोडले नाहीत. काकूंच्या मागोमाग रंगारी चढला, त्याच्या मागे लाँड्रीवाला. वाकलेले पत्रे रस्त्यावर ठोकून सरळ होत होते आणि हातोहात वर जात होते. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. ज्याला जे दिसेल ते तो करत होता. सुतारमामा तेवढे ओरडत होते, पण त्यांचं ऐकतंय कोण!

"कोण रे माझ्या डोक्यावर नाचतंय?" माडीतून सासूबाईंचा आवाज आला.

"सगळी गल्ली!" काकू वरून म्हणाल्या.

"मग एकाला आत पाठवा, माझी उशी सरकलीय."

शेवटचा खिळा बसला आणि आभाळ फुटलं. रात्रभर वाऱ्याने पत्र्यांना हिसके दिले. सगळी गल्ली त्या माडीत कान वर करून बसली होती. मी भिंतीला टेकून चिंब भिजत होते आणि मला मुळीच वाईट वाटत नव्हतं. सकाळी काकूंनी एकेक गठ्ठा सोडला. गणवेश कोरडे खडखडीत! सासूबाई गाढ झोपलेल्या, आणि कोपऱ्यात पाचशे अर्ज लिहिलेले हेडक्लार्क भिंतीला टेकून घोरत होते, मशीनपेक्षा मोठ्याने. काकूंनी तक्रार केली नाही. त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला.

सोमवारी पाहणी करायला कचेरीतला माणूस आला. त्याने छपराकडे पाहिलं आणि 'तक्रारीचं निवारण झालं' असं लिहिलं.

"काम कुणी करवून घेतलं? मुख्य कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," बेकरीवाला म्हणाला.

"असं कसं? हुकूम कुणीतरी दिलाच असेल ना?"

"दिला ना," खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. "आभाळानं."

तो माणूस वही मिटून निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "काकू, एक विचारू? आमच्याही घराचे पत्रे गेलेत. अर्ज दिलाय, पण तिथली कामं कशी होतात ते मलाच माहीत आहे. ही शिडी एक दिवस मिळेल?"

"मिळेल की," काकू म्हणाल्या. "पण धरायला तुमचा शेजारी लागेल. कोण राहतं हो शेजारी?"

खूप आठवून पाहिलं त्याने. नऊ वर्षं राहत होता तिथे.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्याबरोबर एक दाढीवाला गृहस्थ होता. दोघं रस्ताभर काहीतरी बोलून हसत होते. त्यांनी मला पुढून-मागून उचललं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीबाहेर पडले. मागून सुतारमामा ओरडत होते, पण कौतुकाने. त्या गल्लीत मी चार दिवस राहिले आणि पाच छपरांना टेकले. आता तिथले लोक घरटी एक दांडा गोळा करत आहेत. मला धाकटी बहीण होणार आहे, मित्रांनो!

माझं मागणं फार नाही. मला रंग नको, फीत नको, माझ्यावर भाषण तर नकोच नको. पावसात आत घ्या आणि दोऱ्या सैल झाल्या तर आवळा. आणि मी जवळ नसले तरी आज संध्याकाळी एवढं करा. शेजारचं दार वाजवा. काम काढून नव्हे, सहजच. मोठी माणसं "काय हवंय?" म्हणून विचारतील. "काही नाही, तुमचं नाव विचारायला आलो," असं सांगा.