रुंद पान

बाबांनी लावलेलं गवत मारण्याची नोकरी मी करते, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ‘गवताचं काम करते’ एवढंच सांगितलं होतं, आणि तेवढ्यावरच त्यांची छाती फुगायची.

तरुणपणी ते चारा विभागात होते. पुराने ढासळणारे नदीकाठ धरून ठेवायला आणि गुरांना खायला म्हणून बाहेरून आणलेलं हे गवत त्यांनी स्वतःच्या हातांनी इथे लावलं. ते असं माजलं की पाणथळ जागा त्याखाली बुजल्या. काठच्या झाडांचं बी पडायचं, पण कोंबाला उजेड मिळत नसे. म्हातारी झाडं एकेक करून पडली आणि त्यांच्या जागी काही उगवलं नाही. आम्ही आता ते गवत कापतो, त्यावर काळं कापड अंथरतो, आतली मुळं गुदमरून मरेपर्यंत ते तसंच ठेवतो आणि मग तिथे वाळुंजाची, उंबराची रोपं लावतो.

“काळं कापड कशाला गं?” माझ्याबरोबर कामावर आलेल्या बाबांनी एकदा विचारलं.

“गवताला शांत झोप लागावी म्हणून, काका,” आमच्या टोळीच्या मुकादमबाई म्हणाल्या. सगळे हसले. बाबाही हसले.

बाबांची स्मृती विरत चालली होती. दादाने त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा धरून ठेवली होती. “तू दिवसभर चिखलात. एक दिवस गॅस उघडा ठेवतील, मग बस रडत,” तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, ते माझ्याबरोबर कामावर येतील. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण मुकादमबाईंनी पिच्छाच पुरवला. “ठीक आहे,” साहेब म्हणाले, “रोपांना धक्का लागत नाही, तोवर येऊ देत.” मला तेवढंच पुरे होतं. संध्याकाळी त्यांचे बूट माझ्या दाराशी दिसावेत, यापलीकडे मला काही नको होतं.

सुरुवातीला ते शेडमध्ये बसायचे. पण हात स्वस्थ नसत, सदऱ्याची बटणं पिळत राहायचे. म्हणून मी त्यांना खुरपं दिलं. रोपाच्या बुंध्याशी परत डोकावणारं गवत काढायचं, इतकं साधं काम. त्यांनी ते माझ्यापेक्षा सुबक केलं. मुकादमबाई म्हणाल्या, “काकांना पगार सुरू करा, नाहीतर माझी नोकरी जाते.”

त्या दिवशी वाऱ्याने दूरच्या टोकाचं कापड फाटलं. आम्ही दोघी तिकडे गेलो. “मी आहे ना इथे,” बाबा म्हणाले.

परत आलो तेव्हा ते बांधावर बसून पाणी पीत होते. त्यांच्यामागचा अख्खा पट्टा सपाट होता. बुंध्याशी उगवलेलं गवत जागच्या जागी होतं. रोपं नव्हती. ती शेजारी रचून ठेवलेली होती, मुळांची माती झटकलेली, जुड्या गवताच्याच पातीने बांधलेल्या. पानं उन्हाने मऊ पडली होती.

“तण फार झालं होतं,” बाबा म्हणाले. “रुंद पान दिसलं की उपटायचं, गवताला हात लावायचा नाही. विभागातल्या पोरांना मी हेच शिकवायचो. बघ, तुझं काम हलकं केलं.”

कपाळावर घाम होता. फार दिवसांनी त्यांना एखादी गोष्ट सबंध आठवली होती.

“छान झालं, बाबा,” मी म्हटलं.

मुकादमबाईंनी मला बाजूला ओढलं. “गुरं शिरली म्हणून सांगू.”

“गुरं जुड्या बांधतात का हो?”

त्या हसायला गेल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. वाळुंजाच्या काड्या आम्ही ओल्या मातीत पुन्हा खोचल्या. वाळुंज मोडक्या फांदीतूनही धरतं. उंबराची मुळं सुकली होती. साहेबांना मीच फोन केला. मग दादाला.

वृद्धाश्रमाची खोली स्वच्छ होती, खिडकीबाहेर थोडी हिरवळ. पिशवीतले कपडे मी कपाटात लावले. बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

“बदली झाली वाटतं माझी.”

“हो, बाबा.”

“लहान आहे इथलं कुरण. पण करू काहीतरी.” मग त्यांनी माझं मनगट धरलं. “तिकडच्या गवताकडे लक्ष ठेवशील ना? दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.”

“नाही देणार.”

मी निघाले तेव्हा ते हिरवळीवर ओणवे होऊन एक रुंद पान शोधत होते.

दुपारी कामावर पोहोचले. नव्या पट्ट्यातलं गवत कापून झालं होतं, कापड अंथरायचं होतं. मुकादमबाईंनी एक टोक धरलं, दुसरं मी. वाऱ्याने कापड फुगलं, खाली बसलं. कडेला काही हिरवी पाती बाहेर राहिली होती. ती मी हाताने आत सारली आणि वर दगड ठेवला.