गुंजीचा पान्हा

"नाथाआप्पा, उतरा खाली. सायेब गाईला पलीकडं सोडत न्हाईत," टेंपोवाला आसिफ सीमेच्या नाक्यावर म्हणाला.

नाथाजी मागे हौद्यात गाईजवळच बसला होता. गुंजीची कास ताणून दगडासारखी झाली होती. त्याची बायको राहीबाई गेली, तेव्हापासून गाय कुणाच्याच हाताला धड पान्हा सोडत नव्हती. एकदा तो बायकोचं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसला. गुंजीनं मान वळवून हुंगलं आणि बादली उडवली. सगळी आळी हसली. डॉक्टर मात्र म्हणाले, कास अशीच तुंबत राहिली तर सड कायमचे जातील.

राहीबाईनं दवाखान्यातच सांगून ठेवलं होतं, "गुंजी राजीला द्या. तुमच्या हाताला न्हाई यायची ती." राजी त्यांची मुलगी, नाक्याच्या पलीकडे कर्नाटकात दिलेली. लग्नाआधी गुंजीची धार तीही काढायची.

नाक्यावरच्या माणसानं लशीचा कागद परत दिला. "काका, हा दाखला तुमच्याकडचा. साथीचा आमचा नियम येगळा हाय. आमच्या डॉक्टरचा परवाना आधी पायजे."

"लस तीच न्हवं? कानातला बिल्ला तोच?"

"व्हय."

"मग?"

"दोन्हीकडचा नियम एक करायचं लय दिवस चाललंय. झालं न्हाई अजून. मागच्या साली तिकडनं आलेल्या बैलानं माझ्या भावाच्या गोठ्यात रोग आणला. दोन गाई गेल्या. कसं सोडू, तुमीच सांगा."

नाथाजीनं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

आसिफनं राजीला फोन लावला. थोड्या वेळानं राजी आली. हातात पाण्याची कळशी, किटली आणि कुंकवाची वाटी. गाय दारात आल्यावर तिच्या पायावर घालायला काढून ठेवलेलं पाणी ती तसंच घेऊन आली होती.

"माणसाला तरी सोडता न्हवं?" असं म्हणत ती आडव्या दांडीखालून वाकून अलीकडे आली.

आसिफनं फळी लावून गुंजीला लिंबाखाली उतरवलं. राजीनं तिच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि बादली घेऊन खाली बसली. ती गाईशी काहीतरी पुटपुटत होती. नाथाजी पाठ करून उभा राहिला. धारेचा आवाज सुरू झाला, आधी पत्र्यावर, मग फेसात. त्याला वळावंसं वाटलं. वळला नाही. वळला नाही तोवर ती राहीबाईच होती.

किटली भरून राजी उठली. "दुधाला परवाना लागतोय का?"

"ने बाई," नाक्यावरचा माणूस म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

"आप्पा, परवाना मिळंस्तवर तुमालाच धार काढाय लागंल."

"मला देत न्हाई गं ती."

"तुमी मुक्यावानी बसता. आई तिच्याशी बोलायची."

"काय बोलायची?"

"तुमच्या तक्रारी सांगायची. आज आमटी खारट म्हणाले, आज बाजारातनं उशिरा आले." राजी हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

आसिफला म्हणाली, "सावकाश ने रं दादा."

टेंपो माघारी निघाला. नाथाजी पुढे बसला नाही, मागेच गुंजीजवळ उभा राहिला. दोन्ही बाजूंना ऊस होता. बरंच अंतर गेल्यावर त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलावं ते सुचेना. राहीबाई गेल्यापासून एक गोष्ट त्यानं कुणापाशी तोंडानं उच्चारली नव्हती. भेटायला आलेली माणसंच ती बोलायची आणि तो नुसती मान हलवायचा.

"गुंजे," तो म्हणाला, "राही न्हाई गं आता."

गुंजीनं पिवळ्या बिल्ल्याचा कान त्याच्याकडे वळवला.