दोघींचे पासपोर्ट माझ्या पोटात

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. गळ्यात अडकवून कपड्यांच्या आत लपवायची, पासपोर्ट ठेवायची पिशवी. मित्रांनो, तुम्ही रस्त्यात मला कधी पाहिलं नसेल. मी कुणाच्या नजरेस पडू नये, याचसाठी माझा जन्म झाला.

मला आत्यानं शिवलं. आत्या शाळेचे गणवेश शिवायची. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, कारखान्यात बॉयलर बसवण्याचं काम करायचा. त्याला कामासाठी पहिल्यांदाच परदेशी जायचं होतं. आत्यानं पँटचं उरलेलं निळं कापड घेतलं, आतून अस्तर लावलं, एका जुन्या पर्सची चेन उसवून मला बसवली आणि चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली. दातानं दोरा तोडून ती म्हणाली, "दादा, जीव गेला तरी ही गळ्यातून काढायची नाही."

दादा बहिणीचा शब्द खाली पडू देणारा नव्हता. तो मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून आंघोळसुद्धा माझ्यासकट करायचा.

त्या पहिल्याच प्रवासात आमची फजिती झाली. परक्या विमानतळावर लांबलचक रांग होती. दादा दर दोन मिनिटांनी छातीवर हात दाबून मी जागेवर आहे ना ते बघायचा. भीतीनं त्याच्या कपाळावर घाम आला होता. छातीवर हात आणि कपाळावर घाम पाहून तिथल्या लोकांना वाटलं, या माणसाला झटका आला. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून पळवत नेलं. डॉक्टरांनी सदऱ्यावरूनच नळी लावली. नळी बरोबर माझ्यावर टेकली आणि त्यांना माझ्या पोटातल्या कागदांची खसखस ऐकू आली. त्यांचा चेहरा पडला. ते दादाच्या सदऱ्याची बटणं काढू लागले, तर दादानं दोन्ही हातांनी सदरा घट्ट आवळून धरला. जीव गेला तरी काढायची नाही, असं बहिणीनं बजावलेलं होतं ना! शेवटी दोघांनी त्याचे हात धरले, तेव्हा कुठे मी बाहेर आले. डॉक्टर आधी माझ्याकडे बघत राहिले, मग दादाकडे. तेवढ्यात त्याचं पुढचं विमान निघून गेलं. अकरा तास तो बाकावर बसून होता, माझ्यावर हात ठेवून. आता हसू येतं. तेव्हा मात्र त्याच्या छातीचे ठोके माझ्या अस्तरापर्यंत पोचत होते.

पुढे नऊ वर्षं मी दादाबरोबर फिरले. माझ्यातून एक चिटोरंसुद्धा कधी पडलं नाही. शेजारपाजारचे लोक परगावी जाताना मला मागून न्यायचे आणि परत देताना म्हणायचे, "पिशवी मोठी गुणाची हं." मग दादा निवृत्त झाला, आणि काही वर्षांनी गेला. लोकांचं सगळं फोनमध्ये राहू लागलं. मी कपाटात चादरींच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी सहा वर्षं पडून राहिले. अंधारात आधी वाईट वाटतं, नंतर काहीच वाटेनासं होतं.

एके दिवशी कपाट उघडलं. आत्यानं मला ओढून काढलं.

दादाची लेक लग्न होऊन एका लांबच्या परदेशी शहरात राहत होती. तिचे दिवस भरत आले होते आणि रक्तदाब एकदम वाढला होता. डॉक्टरांनी गुरुवारी दुपारी तीनला ऑपरेशन करायचं ठरवलं होतं. जावई तिला सोडून हलू शकत नव्हता. फोनवर लेक रडत म्हणाली होती, "आई, मला आत न्यायच्या आधी तू ये. मला फार भीती वाटते."

म्हणून दोघी निघाल्या. लेकीची आई, म्हणजे आत्याची वहिनी, आणि आत्या. वहिनी सहासष्ट वर्षांची, आत्या एकसष्टची. दादा गेल्यापासून नणंद-भावजय एकाच घरात राहत होत्या. घर वहिनीचं होतं आणि कारभार आत्याचा.

निघताना वहिनीनं हात पुढे केला. "वन्सं, माझा पासपोर्ट माझ्याकडे देता का?"

"तुझ्याकडे? वहिनी, तू डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतेस."

वहिनीनं हात मागे घेतला. मग दोन्ही पासपोर्ट, पैसे, हॉस्पिटलचा पत्ता आणि जावयाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, सगळं माझ्या पोटात गेलं. वहिनीकडे राहिला औषधांचा डबा आणि बाळाच्या झबल्यांची थैली. खरं सांगते, मित्रांनो, तेव्हा मला अभिमानच वाटला. सगळं माझ्यापाशी होतं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता त्या उतरल्या. आत्याच्या फोनला तिथलं नेटवर्क काही मिळेना. जावयानं चिठ्ठीत लिहिलं होतं की जमिनीखालच्या गाडीनं यायचं, मोठ्या स्टेशनात गाडी बदलायची आणि तिथून नववं स्टेशन. मोठ्या स्टेशनात माणसांचे लोंढे होते आणि पाट्यांवरचं एक अक्षर ओळखीचं नव्हतं. गाडी आली. हीच का ते बघायला आत्या थांबली, मला बाहेर काढलं, चेन उघडली, चिठ्ठी पाटीशी ताडून पाहू लागली. तेवढ्यात मागून गर्दीचा रेटा आला. वहिनी त्या रेट्याबरोबर आत गेली आणि दार बंद झालं.

काचेच्या आत वहिनी, बाहेर आत्या.

आत्यानं एक बोट वर केलं आणि मग जमिनीकडे दाखवलं. पुढच्या एका स्टेशनावर खाली उतर. वहिनीनं समजल्यासारखी जोरात मान हलवली आणि समोरच्या बाकावर शांतपणे बसली. गाडी तिला घेऊन निघून गेली.

आत्यानं मला छातीशी धरलं. दादाचे ठोके मी ओळखत होते. हे त्याहून वेगळे होते. मधूनच थांबायचे आणि मग धावत सुटायचे.

चार मिनिटांनी पुढची गाडी आली. पुढच्या स्टेशनावर वहिनी नव्हती. त्याच्या पुढच्यावरही नव्हती. तिसऱ्या स्टेशनावर आत्या धापा टाकत जिना चढली आणि एका खिडकीपाशी पोचली. आत साखळीचा चष्मा लावलेली कारकून बाई होती. आत्यानं वहिनीचा पासपोर्ट काढून तिच्यासमोर ठेवला आणि फोटोवर बोट आपटलं.

बाई प्रसन्न हसली. तिनं पासपोर्ट उचलला, एका पारदर्शक पाकिटात घातला, त्यावर चिठ्ठी चिकटवली, ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून आत्याचा हात हातात घेऊन आभार मानले. कुणाचा तरी हरवलेला पासपोर्ट या भल्या बाईनं आणून दिला, असं तिला वाटलं.

"अहो बाई, पासपोर्ट नाही हरवला," आत्या म्हणाली. "माणूस हरवलंय माझं."

बाईनं भरायला एक फॉर्म दिला.

आत्या काच ठोकू लागली, तेव्हा पहारेकरी आला. त्यानं आत्याला आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि मला तिच्या गळ्यातून काढलं. दादाच्या त्या पहिल्या प्रवासानंतर परक्या हातानं मला असं प्रथमच काढलं होतं. त्यानं मला टेबलावर उपडं केलं. आत आणखी एक पासपोर्ट निघाला. बाई एक, पासपोर्ट दोन. त्याच्या भुवया वर गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग त्याला चिठ्ठी दिसली. त्यानं पत्ता वाचला आणि आत्याकडे पाहिलं. आत्यानं हातांनी पोट मोठं झाल्याची खूण केली, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि तीन बोटं उभी केली. पहारेकरी त्या एकसष्ट वर्षांच्या बाईकडे बघतच राहिला. कारकून बाई तोंडावर हात ठेवून हसली. पण हसता हसता तिलाच उमगलं. तिनं ड्रॉवर उघडला, वहिनीचा फोटो आत्याच्या चेहऱ्याशेजारी धरला, आणि मग तिचं हसू मावळलं.

तिनं एकामागून एक फोन केले. प्रत्येक वेळी मान नकारार्थी हलली. तशी बाई कुठल्याच स्टेशनात कुणाला दिसली नव्हती. चिठ्ठीवरचा जावयाचा नंबर लावला, तो बंद होता. अडीच वाजून गेले, मग पावणेतीन झाले. शेवटी पहारेकऱ्यानं सगळं पुन्हा माझ्यात भरलं, मला आत्याच्या गळ्यात घातलं आणि तिला आपल्या गाडीत बसवून हॉस्पिटलकडे निघाला.

गाडीत आत्या माझ्यावर हात दाबून बसली होती. समोरच्या माणसाला एक शब्द कळणार नव्हता, म्हणूनच बहुधा ती बोलली.

"तिच्याकडे पत्तासुद्धा नाही. मीच दिला नाही. पासपोर्ट मागितला होता तिनं, तोही नाही दिला." माझी चेन चाचपत ती म्हणाली, "पोरीला काय सांगू? तुझ्या आईला वाटेत टाकून आले म्हणू?"

मित्रांनो, मी त्या दिवशी गच्च भरलेली होते. वहिनीचं नाव, तिचा फोटो, तिचा पत्ता, तिची परत जायची वाट, सगळं माझ्यात होतं. आणि ती कुठेतरी हातात झबली घेऊन फिरत होती. ज्याचा अभिमान मिरवला, त्याच माझ्या भरलेल्या पोटाची मला लाज वाटली.

सव्वातीनला गाडी हॉस्पिटलशी थांबली. तिसऱ्या मजल्यावर लांब बोळ होता. बोळाच्या टोकाला, बंद दरवाज्यासमोरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर झबल्यांची थैली होती.

"किती उशीर केलात, वन्सं," वहिनी म्हणाली. "तिला आत नेऊन पंधरा मिनिटं झाली."

आत्या तिथेच फरशीवर बसली.

"तू... उतरली का नाहीस? मी खूण केली ना?"

"केलीत की. एक मिनिट, खाली बस. मी बसले."

वहिनी बसून राहिली ती शेवटच्या स्टेशनापर्यंत. गाडी रिकामी होऊ लागली तेव्हा तिला कळलं, आपण चुकलो. तिला हॉस्पिटलचं नाव येत नव्हतं. पण लेकीनं हॉस्पिटलच्या दारात उभं राहून काढलेला फोटो तिनं आत्याच्या फोनवर महिनाभर रोज पाहिला होता. दारावरच्या पाटीवर लांब पायांचा पक्षी होता, चोचीत बाळाचं गाठोडं धरलेला. वहिनीनं गाडीच्या धुरकट काचेवर बोटानं तो पक्षी काढला आणि शेजारच्या प्लंबरला दाखवला. प्लंबरनं हत्यारांची पेटी उचलली, तिला बरोबर घेतलं आणि मोठ्या आपुलकीनं थेट चिकनच्या दुकानात नेऊन उभं केलं.

"माझी चित्रकला तशीच," वहिनी म्हणाली. "त्यानं माझ्यासाठी अर्धी कोंबडी बांधायलाही सांगितली. मग मी दुकानवालीला पोटाची खूण केली, बाळ जोजवून दाखवलं, ही झबली दाखवली. तिला चार पोरं असावीत, तिला लगेच कळलं. तिच्या अंड्यांच्या गाडीतून आले मी. मांडीवर अंड्यांचा ट्रे होता, एकही फुटू दिलं नाही."

"आणि खाली? कागद मागितले नाहीत?"

"मागितले. माझ्याकडे कुठे होते? दारातच अडवलं मला. तिथेच बसून मी पोरीच्या नावानं हाका मारल्या. हॉस्पिटलात फोन बंद करून ठेवलेला जावई कॉफी आणायला खाली आला, म्हणून ऐकू तरी गेल्या." वहिनीनं पदरानं डोळे टिपले. "माझा हात धरूनच दारापर्यंत गेली ती. दहा मिनिटं उशीर झाला असता, तर..."

दोघी त्या दरवाज्याकडे बघत राहिल्या. आत्याच्या श्वासाबरोबर मी वर-खाली होत होते.

पावणेचारला दरवाजा उघडला. नर्सनं कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी लालबुंद, दाराशी थांबलेल्या जावयाच्या हातात दिलं. मुलगी होती. आई शुद्धीवर होती, रक्तदाब उतरत होता. जावई एवढंच म्हणाला, "दोघी ठीक आहेत," आणि भिंतीला टेकला.

रडून झाल्यावर आत्यानं मला गळ्यातून काढलं. चेन उघडली, वहिनीचा पासपोर्ट काढून तिच्या हातात दिला. पत्ता दुसऱ्या कागदावर उतरवून तोही दिला, आणि निम्मे पैसेही.

"हे तुझ्यापाशी ठेव."

"आणि हरवलं तर?"

"हरवलं तर हरवलं. तू नाही हरवलीस म्हणजे झालं."

वहिनीनं सगळं औषधांच्या डब्यात, रक्तदाबाच्या गोळ्यांवर ठेवलं आणि झाकण दाबून लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मीही सांगितलं असतं. पण त्या दुपारनंतर माझी विनवणी निराळी आहे. परक्या गावी निघालात तर आपल्या माणसाचं नाव, पत्ता आणि परतीची वाट त्याच्याच हातात द्या. तो धांदरट असो, म्हातारा असो, आजवर एकटा कुठे गेलेला नसो. आपण त्याला जपतो असं म्हणता म्हणता त्याचे हात रिकामे करू नका.

दोन महिन्यांनी आम्ही परत निघालो. विमानतळावर आत्यानं माझ्यातून आपला पासपोर्ट काढला. शेजारच्या खिडकीवर वहिनीनं डबा उघडला, आपला पासपोर्ट उलटा पुढे केला, अधिकाऱ्यानं तो सुलटा करून घेतला आणि त्यावर शिक्का मारला. त्याचा ठक् असा आवाज मला ऐकू आला. शिक्का कसा होता ते मात्र मला सांगता येणार नाही. तो माझ्यापाशी आलाच नाही.