सत्तावीस नंबरची ओळ

मित्रांनो, खोटं बोलणाऱ्याला कुणी कपाटात जपून ठेवतं का? मला ठेवलंय. मी केरळातल्या पालक्काडच्या एका कॉलेजातली जुनी हजेरीवही. कोपरे झिजलेत, पण शिवण अजून पक्की आहे.

छापखान्यातून आले तेव्हा माझा तोरा काय सांगावा! गणिताच्या शैलजा टीचरांनी मला खाकी कव्हर घातलं, बासष्ट मुलांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. रोज माझ्यात डोकं खुपसून त्या भराभर नंबर पुकारत. "येस टीचर" ऐकू आलं की बरोबरची खूण, नाहीतर फुली. सत्तावीस नंबरच्या ओळीत एकही फुली नव्हती. प्राचार्यांनी ते पान पाहून "छान!" म्हटलं, तेव्हा मी फुगले नसते तरच नवल.

मग एका सोमवारी टीचर वाचायचा चष्मा घरी विसरल्या. त्यांनी मला पहिल्या बाकावरच्या रम्याकडे दिलं आणि स्वतः वर्गाकडे बघत उभ्या राहिल्या. लांबचं त्यांना लख्ख दिसायचं.

"सत्तावीस," रम्या म्हणाली.

"येस टीचर!"

आवाज आला अठ्ठावीस नंबरच्या सिनोजच्या तोंडून. त्याच्या शेजारची, सत्तावीस नंबरच्या निधीशची जागा रिकामी होती.

"सिनोज, निधीश कुठाय?" टीचरांनी विचारलं.

सिनोजची मान खाली गेली. "हॉस्टेलवर, टीचर. महिना झाला, खोलीतून निघतच नाही. जेवायलासुद्धा ओढून न्यावं लागतं. म्हटलं, निदान हजेरी तरी बुडायला नको."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. टीचरांनी नुसतं तिकडे पाहिलं, हसणं थांबलं.

"हजेरी वाचवलीस रे," त्या म्हणाल्या, "पण पोरगा दिसत नाही, हे मला कळलंच नाही. मीही मान वर केली नाही."

त्या रागावल्या नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी त्या सिनोजबरोबर हॉस्टेलवर गेल्या. मी काखेत होतेच. निधीश व्हरांड्यात आला, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर.

"आता परीक्षेला बसू देणार नाही ना, टीचर?"

"ते बघू नंतर. जेवलास का?"

त्यावर तो रडायलाच लागला. "सकाळी उठवतच नाही, टीचर. सगळे म्हणतात, आळशी झालास."

"मी म्हणाले का? उद्या समुपदेशक बाई येणारेत. मी बरोबर येते, दाराबाहेर बसते. वर्गात यावंसं वाटलं की ये. दाराजवळ बस, फळ्याशी बोलावणार नाही. जीव घाबरला तर न विचारता बाहेर जा."

तेव्हापासून टीचर नंबर सोडून नाव घेऊ लागल्या, प्रत्येकाकडे बघून. तासाची पाच मिनिटं जास्त गेली, गणित काही बुडालं नाही. निधीशच्या ओळीत नऊ फुल्या पडल्या.

दहाव्या दिवशी टीचर म्हणाल्या, "निधीश?" सिनोजने सवयीने आवाज निघू नये म्हणून तोंडावर हात दाबला.

"येस टीचर."

आवाज बारीक होता, पण त्याचाच होता. टीचरांनी आधी त्याला पाहिलं, मग खूण केली. शाई जरा पसरलीच.

मित्रांनो, हजेरी वहीत घ्या नाहीतर यंत्रावर, पण नाव घेतल्यावर मान वर करा. आणि मित्र वर्गात दिसत नसेल, तर त्याच्या वतीने "येस" म्हणू नका. तो कुठे आहे ते सांगा.

सत्तावीसच्या ओळीत पुढेही अधूनमधून फुल्या आहेत. तरी टीचर कपाट उघडतात तेव्हा तेच पान काढून बघतात, आणि मला फार बरं वाटतं.