मधली गिटार

माझा नवरा मावुंगू चाळीस वर्षं एकाच गाण्यावर जगला. पोट माझ्या खारवलेल्या माशांवर भरायचं, मान मात्र त्या गाण्यामुळे ताठ असायची. आमच्या मातोंगे वस्तीतल्या कुठल्याही बारमध्ये ते गाणं लागलं, गायकांचं आटोपलं आणि नुसत्या गिटारी पळायला लागल्या, की हा बोट वर करायचा. "शांत बसा. आता मी." लोक खरंच शांत बसायचे. कुणीतरी बिअर पाजायचं. मी बाजारातून माशांचा वास अंगावर घेऊन यायचे, आणि शेजारणी म्हणायच्या, "तुझं काय बाई, कलावंताची बायको." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या गाण्यात तीन गिटारी. खालची ताल धरते, वरची नखरे करते आणि मधली दोघींना सांधते. मावुंगू मधली वाजवायचा. रेडिओवर ती कधीच वेगळी ऐकू यायची नाही, तिथे सगळा लगदाच. रेकॉर्ड होती आमच्याकडे, पण ती वाजवायला यंत्र नव्हतं. माझ्या लग्नातल्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेली.

आमचा जावई लाँद्री टेलिफोन कंपनीत साहेब आहे. बिंझाच्या टेकडीवर त्याचं घर. त्याने गाणी ऐकायचं नवं यंत्र आणलं, दोन खोकी, कपाटाएवढी उंच. रविवारपर्यंत ऐकून बघा, नाही पटलं तर परत करा, असं दुकानदार म्हणाला होता. पारख करायला लाँद्रीने सासऱ्याला बोलावलं, सोबत मीही गेले.

आधी त्याने कुणा परदेशी बाईचं संथ गाणं लावलं. "ऐका पापा, श्वास घेताना तिचे ओठ सुटतात, तेसुद्धा कळतं."

"बाईच्या ओठांसाठी एवढी मोठी कपाटं?" मावुंगू म्हणाला. "हिच्याबरोबर नाचायचं, की हिला दवाखान्यात न्यायचं?"

माझी लेक लुझोलो फिसकन हसली. मग लाँद्रीने ढोल लावले, काच फुटल्याचे आवाज लावले.

"ही पडझड आमच्या गल्लीत फुकट ऐकायला मिळते."

"मग तुम्हीच निवडा, पापा. यंत्र पारखायचं तर गाणं असं हवं, की त्यातला केसन् केस आपल्या ओळखीचा असेल."

मावुंगू याचीच वाट बघत होता. त्याने पिशवीतून ते कापड काढलं.

गायकांचं आटोपलं. गिटारी सुटल्या. मावुंगूचं बोट वर गेलं. "आता मी."

वरची गिटार वाजवणारा बोफांडो अंगठ्याचं नख वाढवायचा. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते तारेवर घासलं जायचं, खर्र. 'कोंबडी माती उकरते' म्हणून मावुंगू घरी त्याची नक्कल करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. रेडिओवर ते नख कधी ऐकू आलं नव्हतं. इथे आलं, उजव्या खोक्यातून. आणि लगेच दोन्ही खोक्यांच्या मधून, मधल्या गिटारीतूनही आलं. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. दोन गिटारी, आणि नख एकच.

मला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही, पण नख कळलं. गाणं रेकॉर्ड झालं त्या दिवशी मावुंगू सकाळी आपलं वाजवून घरी आला होता. त्याच्यामागे बँडच्या प्रमुखाने त्याचं वाजवणं पुसलं होतं आणि मधली गिटारही बोफांडोकडून भरून घेतली होती. रेकॉर्डच्या पाकिटावर मावुंगूचं नाव तेवढं राहू दिलं. त्या प्रमुखाच्या मयताला सगळ्यात मोठ्याने कोण रडलं असेल, तर माझा नवरा. अजून दर एक ऑगस्टला सगळं गाव आपापल्या आईबापांच्या कबरी साफ करायला जातं, तेव्हा हा आधी त्या माणसाच्या कबरीवरचं गवत उपटतो. माझ्या अंगाची आग आग झाली.

मावुंगूचं बोट वरच राहिलं होतं.

"मधले तुम्ही ना, पापा?" लाँद्री म्हणाला. "काय सफाई आहे हो!"

"परत कर हे."

"काय?"

"खोटं वाजतंय. आम्ही असं वाजवलंच नव्हतं. परत कर."

लाँद्रीचं तोंड एवढंसं झालं. पण सासऱ्यापुढे बोलणार कसा? खोकी परत गेली.

त्याने दुसरं यंत्र आणलं. दिवे लुकलुकणारं, ताटातली पोंडूची पालेभाजी हलेल असं धडधडणारं. ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं आणि तीच रेकॉर्ड लावली. "गाणं पापांच्या पसंतीचं, यंत्रही पापांच्याच." सगळा लगदा घुमायला लागला. नख कुठेच नव्हतं. मला हायसं वाटलं.

गिटारी पळायला लागल्या. सगळे मावुंगूकडे बघायला लागले. त्याचा हात गुडघ्यावरच होता.

"पापा, आता तुम्ही ना?"

हात हलला नाही. पाहुण्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे बघितलं. त्या एका बोटासाठी मी चाळीस वर्षं मासे विकले होते. मला बघवेना. मी माझं बोट वर केलं.

"शांत बसा," मी म्हणाले. "आता हा."

लोक शांत बसले. मग टाळ्या वाजल्या. कुणीतरी त्याच्यापुढे बिअर ठेवली.

मावुंगूने माझ्याकडे बघितलं. हिला गिटारीतलं काय कळतंय, असं तो इतके दिवस धरून चालला होता. मला काही कळलं नसतं तर मी बोट वर केलंच नसतं, हे त्याला तिथल्या तिथे उमगलं. बिअरला त्याने हात लावला नाही.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. ताट सरकवलं तर जेवतो, नाही सरकवलं तर तसाच बसून राहतो. परवा एक ऑगस्ट झाला. सकाळीच कोयता घेऊन गेला आणि प्रमुखाच्या कबरीवरचं गवत काढून आला.